कॅलिफोर्नियातील रीजनल सेंटर: सेवा भक्कम, पण मागणाऱ्याच्याच पदरात

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अपस्मार किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कॅलिफोर्नियात वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांनी आधी कोणाचे दार ठोठवावे, असे कोणी विचारले तर मी रीजनल सेंटरचेच नाव घेईन. १९६९ च्या लँटरमन कायद्याच्या आधाराने, अशा दिव्यांग व्यक्तींना सेवा मिळवून देणारी २१ केंद्रे राज्यभर चालतात आणि त्यांची सेवा हा मुलाचा कायदेशीर हक्क असतो. त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. त्यामुळे एच-वन व्हिसावर आलेल्या कुटुंबांनी संकोचाने मागे राहण्याचे काही कारण नाही.

मूल तीन वर्षांच्या आत असेल तर विकासातील विलंब पाहून ‘अर्ली स्टार्ट’खाली मदत सुरू होते. आमच्या मुलाला त्या वयात घरी येऊन शिकवणाऱ्या थेरपिस्टचा लाभ मोठा झाला. तिसऱ्या वर्षानंतर मात्र निकष कडक होतात आणि इथेच आपली माणसे अडखळतात. मूल्यांकन करणारी व्यक्ती विचारते, ‘तो स्वतः दात घासतो का?’ चारचौघांत मुलाचे उणे काढायचे नाही, या संस्कारात वाढलेली आई उत्तर देते, ‘हो, सांगितले की घासतो.’ पेस्ट तीच लावते, ब्रश त्याच्या हातात तीच देते, तोंडात पाणी धरून थुंकायची आठवणही तीच करते, आणि यातले काहीच कागदावर उतरत नाही. पात्रता आणि सेवेचे तास मात्र कागदावर जे उतरले त्यावरच ठरतात. मूल्यांकनाला जाण्याआधी त्याच्या एका दिवसाचा क्रम, कोणत्या पायरीला कोणाचा हात लागतो यासह, लिहून न्यावा असे मी कळकळीने सांगेन.

पालकांना थोडी उसंत मिळावी म्हणून मुलाला सांभाळणारी व्यक्ती देणारी ‘रेस्पिट’ ही मला या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची सेवा वाटते. पण आमच्या वार्षिक बैठकीत ‘आजी आल्या आहेत ना घरी?’ असे विचारून तास कमी सुचवले गेले. सहा महिन्यांसाठी आलेली, गुडघे दुखणारी, नातवाने रस्त्याकडे धाव घेतली तर त्याला आवरू न शकणारी आजी ही आमची माया आहे, पण ती रेस्पिटची जागा घेऊ शकत नाही. असा अनुभव केवळ आम्हालाच आलेला नाही. कोणत्या वंशाच्या आणि भाषेच्या कुटुंबांवर किती खर्च झाला, याची आकडेवारी केंद्रांना कायद्याने दरवर्षी जाहीर करावी लागते आणि लॅटिनो कुटुंबांच्या वाट्याला गोऱ्या कुटुंबांपेक्षा सरासरीने कमी खर्च येतो, हे त्यातून वारंवार दिसले आहे. माझ्या मते या व्यवस्थेचा मोठा दोष हाच आहे: काय काय मिळू शकते हे आधीच ठाऊक असलेल्यालाच ती उदारपणे देते. दुभाष्या मागता येतो, पण मराठीसाठी तो बैठकीच्या बराच आधी मागावा.

ज्यांच्या मुलाला केवळ मानसिक आजार आहे, त्यांना हे दार उघडत नाही. त्यांच्यासाठी मानसिक आजार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या नामी (NAMI) या संस्थेचा ‘नामी बेसिक्स’ हा सहा सत्रांचा मोफत वर्ग आहे. अशीच मुले वाढवलेले प्रशिक्षित पालक तो घेतात, त्यामुळे तिथे ‘घरात कोणाला आहे का?’ या प्रश्नाची धास्ती न बाळगता बोलता येते. आपल्या समाजात या दुखण्याबद्दल जितके मौन आहे, ते पाहता हा मोकळेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो.

रीजनल सेंटरने सेवा नाकारली किंवा कमी केली तर तोंडी उत्तरावर थांबू नये, लेखी नोटीस मागावी. ती मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करता येते. चालू सेवा कमी होणार असेल तर मात्र ३० दिवसांच्या आत आणि कपात लागू होण्याआधी अपील करावे, म्हणजे निर्णय होईपर्यंत ती सेवा सुरू राहते.