एसए६१२ काढून डायोड रिंग बसवली: ४० मीटरच्या घरगुती रिसीव्हरमधला काही महिन्यांचा अनुभव

मिक्सर, म्हणजे आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर नेणारा भाग, बदलायची वेळ विक्रेत्याने आणली. डीआयपी (सॉकेटमध्ये बसणाऱ्या लांब पायांच्या) पॅकेजमधले एसए६१२, म्हणजे मिक्सरची चिप, मागवले होते. छपाई स्वच्छ, पाय चकचकीत. ६ व्होल्टवर ही चिप साधारण २.४ मिलिअँपिअर घेते आणि १ व २ नंबरच्या पायांवर १.४ व्होल्टच्या आसपास दिसतात. आलेले नग करंट भलताच खात होते आणि त्या पायांवर व्होल्टेजच नव्हतं. तक्रार केली, तर म्हणे तुमचं वायरिंग चुकलंय. सॉकेटमध्ये बसवून घेतलेल्या रीडिंगचे फोटो पाठवले, तरी उत्तर तेच. डीआयपीमधला नवा माल बंद झाल्यापासून पुन्हा छापलेल्या चिप सर्रास खपवल्या जातात. करंट मोजल्याशिवाय कुठलीही चिप बोर्डवर सोल्डर करू नका.

त्या रागातच एडीई-१, म्हणजे डायोडच्या रिंगचा तयार मिक्सर, बसवला. बाकी रिसीव्हर नेहमीचाच: ४० मीटरचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल, ९ मेगाहर्ट्झची आयएफ (मिक्सरनंतरची मधली फ्रिक्वेन्सी), आणि एसआय५३५१ या ऑसिलेटर चिपकडून १६ मेगाहर्ट्झ. एडीई-१ ला ऑसिलेटरकडून ७ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) ड्राइव्ह लागतो. एसआय५३५१ पूर्ण ड्राइव्हला त्याहून थोडा जास्त देतो, त्यामुळे मध्ये ३ डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारी रेझिस्टरची जोडणी) टाकला की काम झालं. वेगळा बफर लागला नाही, तेवढे पार्ट वाचले.

रिंग ५-६ डीबी खाते, एसए६१२ उलट १८ डीबीच्या आसपास गेन देतो. पण ४० मीटरवर बँडचाच गोंगाट एवढा असतो की हा तोटा कानाला कळत नाही. खरा फरक आहे तो जोरदार सिग्नल झेलण्यात. एसए६१२ चा थर्ड ऑर्डर इंटरसेप्ट (जोरदार सिग्नल झेलण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं) उणे १५ डीबीएमच्या आसपास, रिंगचा अधिक १५ च्या आसपास. रात्री ७.२ च्या वर दोन ब्रॉडकास्ट स्टेशनं एस-मीटरवर एस९ (उणे ७३ डीबीएम) अधिक ४० डीबीने, म्हणजे उणे ३३ डीबीएमने आली, असं धरा. एसए६१२ त्या दोघांच्या मिसळण्यातून उणे ६९ डीबीएमचं भूत, म्हणजे हवेत नसलेला खोटा सिग्नल, तयार करतो. हे भूत चक्क एस९ च्या वर आहे! रिंगमध्ये तेच उणे १२९ वर जातं, म्हणजे गोंगाटाखाली गडप.

कागदावर हे सगळं छान होतं. प्रत्यक्षात सुरुवातीला माझी निराशा झाली. भुतं कमी झाली, पण गेली नाहीत, आणि आवाजही विचित्र, मध्येच फुगलेला वाटायचा. एडीई-१ चं नाव उगाच मोठं केलंय, असं माझं मत बनत चाललं होतं.

ते मत बदललं एका डायप्लेक्सरने, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी पुढे सोडून बाकीच्या रेझिस्टरमध्ये जिरवणाऱ्या सर्किटने, आणि या लेखात मला मुख्य सांगायचंय ते हेच. मिक्सरमधून ९ बरोबर २३ मेगाहर्ट्झही बाहेर पडतो. क्रिस्टल फिल्टर आपला अरुंद पट्टा सोडून बाकी सगळं परत मिक्सरवर फेकतो, आणि तिथे ते पुन्हा मिसळतं. डेटाशीटमधले सुंदर आकडे आयएफ पोर्टला सगळ्या फ्रिक्वेन्सींवर ५० ओहम दिसतात असं धरूनच दिलेले असतात. पण बहुतेक घरगुती सर्किटमध्ये मिक्सरला थेट फिल्टर जोडलेला दिसतो, याची मला खरोखर चीड येते.

उपाय अगदी स्वस्त आहे. सिग्नलच्या वाटेत ०.८८ मायक्रोहेन्री आणि ३५० पिकोफॅरड सिरीजमध्ये. तीच जोडी पॅरलल करून, ५१ ओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला. टी३७-६ वर १७ वेढे, आणि ३३० ला २२ पिकोफॅरड पॅरलल. २३ मेगाहर्ट्झ बराचसा रेझिस्टरमध्ये जिरतो. पण ९ च्या अगदी शेजारचे सिग्नल डायप्लेक्सर अडवत नाही, म्हणून पुढे ५० ओहम इनपुटचा २एन५१०९ चा अँप्लिफायर, मग ६ डीबीचा पॅड आणि त्यानंतर फिल्टर. पॅडवर कंजुषी करू नका. मी तो काढून पाहिला, की फिल्टरचा आवाज लगेच पुन्हा फुगतो.

खटकतं ते एकच. हा अँप्लिफायर ५० मिलिअँपिअरच्या घरात खातो, आणि बॅटरीवर ते जाणवतं.

म्हणूनच एसए६१२ बद्दलचं मतही आता जरा मवाळ झालंय. जुन्या सेटमधला अस्सल नग मी फिल्टरनंतर प्रॉडक्ट डिटेक्टर (आयएफमधून ऐकू येणारा आवाज काढणारा भाग) म्हणून लावला. तिथे एकच अरुंद पट्टा पोचतो, त्यामुळे त्याची कमजोरी आड येत नाही आणि गेन फुकट मिळतो. बॅटरीवरच्या छोट्या रिसीव्हरमध्ये तर तो पुढेही ठेवलाय, फक्त अँटेनाला १० डीबीचा अटेन्युएटर स्विचवर दिलाय. सिग्नल १० डीबी पडतो, भूत ३० डीबी. वरच्याच उदाहरणात ते उणे ६९ वरून उणे ९९ वर येतं, आणि रात्रीच्या गोंगाटात तेवढं चालून जातं.

एडीई-१ नाही मिळाला तर मीटरवर व्होल्टेज ड्रॉप जुळवलेले चार १एन४१४८ डायोड आणि एफटी३७-४३ वर तिहेरी पिळलेल्या तारेचे दोन ट्रान्सफॉर्मर घ्या. ४० मीटरवर अशी रिंग झकास चालते. डायप्लेक्सर मात्र तिलाही लागतोच.