स्टोरीवीव्हर: वडोदऱ्यातल्या मराठी वाचनवर्गाला कितपत उपयोगी?

वडोदऱ्यात चिमुरड्यांना मराठी गोष्टी वाचून दाखवायच्या, तर पुस्तकं मिळवण्यापासूनच अडतं. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं २०१५ पासूनचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ ही अडचण बऱ्यापैकी सोडवतं. पुस्तकं फुकट, पीडीएफ उतरवून छापायलाही मोकळीक. गोष्टी वाचनपातळ्यांत विभागल्या आहेत: पहिली पातळी २५० शब्दांपर्यंत, दुसरी साधारण ६०० पर्यंत. मात्र या पातळ्या मुलांनी स्वतः वाचण्यासाठी आहेत. नुसतं ऐकायचं असेल तर पाच वर्षांच्या पोरालाही दुसरी पातळी झेपते.

फोनवरून वाचू नका. आठ-दहा मुलं असली की मागच्यांना चित्र दिसत नाही आणि चुळबुळ सुरू होते. ए-४ कागदावर आडवं, रंगीत छापून स्पायरल करून घ्या. पुस्तक खांद्याशी, मुलांकडे तोंड करून धरा आणि ओळीखाली बोट फिरवा. इथे बोट फारच गरजेचं, कारण गुजराती माध्यमातल्या मुलांना शिरोरेषेची सवय नसते. त, न, म ती पटकन ओळखतात. क आणि ज आले की गाडी अडते.

काही अनुवाद पुस्तकी वाटतात. आधी मोठ्याने वाचून पाहा. जीभ अडखळली तर दुसरी गोष्ट घ्या, निवडीला तोटा नाही.