रोजच्या बातम्या बंद, रविवारी एक तास चालू: आठ महिन्यांचा अनुभव

जुलै २०२४ पासून मी रोजच्या बातम्या बघणं पूर्ण बंद केलंय. टीव्हीवरच्या चर्चा, न्यूज ॲप, युट्यूबवरचे ते लाल अक्षरातले थंबनेल, सगळं बंद. त्याऐवजी रविवारी सकाळी एकदाच तासाभराचा मराठी ऑडिओ कार्यक्रम ऐकतो. त्यात दोघं जण आठवड्याभरातल्या पैशाच्या, टेक्नॉलॉजीच्या, विज्ञानाच्या आणि सिनेमाच्या बातम्या हसतखेळत सांगतात. नाव लिहीत नाही कारण मला जाहिरात करायची नाहीये, असे कार्यक्रम आता बरेच आहेत आणि मला सांगायचंय ते या सवयीबद्दल.

आमचं सांगलीत विश्रामबागला स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर काउंटरवर उभं राहायचं आणि गिऱ्हाईक नसलं की हातात फोन. दिवसाला किती वेळा बातम्या उघडत होतो याचा हिशोबच नाही, आणि रात्री जेवताना डोक्यात नुसती कलकल. मुलगी पुण्यात शिकते, तिने हा कार्यक्रम सुचवला, म्हणाली बाबा आठवडाभर सगळं बंद ठेवा आणि फक्त हे ऐकून बघा.

पहिला रविवार गुरुपौर्णिमेचा होता, २१ जुलै २०२४. आदल्या शुक्रवारी ते क्राउडस्ट्राइकचं प्रकरण झालेलं. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर धडाधड मेसेज, कोणीही विंडोज चालू करू नका, सगळं उडेल. मी घाबरून दुकानातला कॉम्प्युटर दोन तास बंद ठेवला, ॲडमिशनचे दिवस, प्रिंटला आलेली पोरं परत पाठवली. रविवारी ऐकलं तेव्हा कळलं की सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरचा चुकीचा अपडेट गेला होता, जगात साधारण ८५ लाख मशीन बंद पडली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, पण ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या वापरतात, माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये ते नव्हतंच. दहा मिनिटांत विषय समजला. हेच शुक्रवारी मी दोन तास वाचत होतो आणि काहीही समजलं नव्हतं. त्याच दिवशी सगळे ॲप काढून टाकले.

पहिले दोन आठवडे जड गेले हे खरं आहे. हात आपोआप खिशात जायचा. त्यात ५ ऑगस्टचा सोमवार आला. शेजारचा मोबाईलवाला दुकानात धावत आला, काका सगळं विकून टाका, मार्केट गेलं. सेन्सेक्स त्या दिवशी २,२२२ अंकांनी पडला होता आणि जपानचा निक्केई १२ टक्क्यांच्या वर. माझी महिन्याची एसआयपी आहे, थोडे फंड आहेत, पोटात गोळा आलाच, पण ठरवलं होतं की रविवारपर्यंत काही करायचं नाही. रविवारी कार्यक्रमात त्यांनी जे समजावलं ते मी आजही कुणालाही सांगू शकतो. जपानात वर्षानुवर्षं व्याज जवळपास शून्य, मग लोक तिथून येन उसने घ्यायचे आणि बाहेर शेअर वगैरे घ्यायचे, ३१ जुलैला तिथल्या मध्यवर्ती बँकेने दर पाव टक्क्यावर नेला, येन वधारला आणि उसनवारी करणारे सगळे शेअर विकून एकदम परतफेडीला धावले. आपल्याकडे पतसंस्थेतून स्वस्तात कर्ज काढून दुसऱ्याला जास्त व्याजाने फिरवणारे असतात ना, पतसंस्थेने अचानक व्याज वाढवलं की त्यांची जी पळापळ होते तसंच. आणि ऐकेपर्यंत निक्केई मंगळवारीच १० टक्के वर आलेला होता. सोमवारी मी विकलं असतं तर नुसतं नुकसान पदरात पडलं असतं.

आता जे लिहितोय ते लिहावं की नाही यावर बराच विचार केला, पण त्याशिवाय हा अनुभव पूर्ण होणार नाही. सप्टेंबरचा शेवटचा रविवार. बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, आई पाटावर बसलेली, स्पीकर फ्रिजवर. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा अहवाल त्याच आठवड्यात आला होता आणि ते दोघं त्यावर बोलत होते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे, करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. सांगणारी मुलगी म्हणाली की समजा एका एसटीत शंभर जण चढले आणि खाली उतरताना फक्त सात जणांच्या खिशात पैसे उरले तर त्या एसटीत आपण दुसऱ्यांदा चढू का. बायको हसली आणि म्हणाली, "कोण असतील हो हे लोक?"

मी म्हणालो, "त्यात मी पण आहे."

एका टेलिग्राम चॅनेलच्या नादाने मी आदल्या वर्षी ऑप्शन्समध्ये बासष्ट हजार घालवले होते आणि घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. दीड वर्ष ते डोक्यावर घेऊन फिरत होतो. बायकोने मेथीची जुडी खाली ठेवली, उठून स्पीकर बंद केला, किती गेले ते विचारलं आणि परत मेथी निवडायला लागली. आई काहीच बोलली नाही. संध्याकाळी बायको म्हणाली, ते ट्रेडिंगचं ॲप आत्ता माझ्यासमोर काढा. काढलं. तेव्हापासून पैशाचं सगळं आम्ही दोघं मिळून बघतो. ९३ टक्के हा आकडा मी कुठल्यातरी ॲपवर वाचला असता तर बोट फिरवून पुढे गेलो असतो, पण घरात सगळ्यांच्या समोर, हसऱ्या आवाजात तो ऐकला म्हणून माझ्या तोंडातून खरं बाहेर पडलं. बाकी काही नाही तरी एवढ्यासाठी मी त्या कार्यक्रमाचा कायमचा ऋणी आहे.

आणि म्हणूनच एका गोष्टीचा मला फार राग आला. त्याच भागात पैशाच्या बातम्या संपल्या संपल्या ट्रेडिंग ॲपची जाहिरात, ती पण त्याच मुलीच्या आवाजात. मी त्यांना सविस्तर मेल लिहिला. दोन आठवड्यांनी त्यांनी तो वाचून दाखवला आणि पैशाच्या भागात अशी जाहिरात घेणार नाही म्हणाले. तेव्हापासून खरंच घेतलेली नाही. जाहिरातीशिवाय कार्यक्रम चालणार नाही हे मलाही कळतं, धंदा मीही करतो, पण जागा आणि वेळ बघायला पाहिजे.

पॉपकॉर्नचा भाग माझा सगळ्यात आवडता. डिसेंबरमध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि त्यात स्पष्ट केलं की मीठ-मसाल्याचे सुटे पॉपकॉर्न ५ टक्के, पाकीटबंद लेबलवाले तेव्हा १२ टक्के आणि कॅरमलचे १८ टक्के, कारण साखर लावली की ते मिठाईच्या वर्गात जातात. सगळीकडे यावर नुसते मीम्स फिरत होते, पण यांनी हसत हसत वर्गवारी म्हणजे काय, मालाचा वर्ग ठरवणारा एचएसएन कोड कसा लागतो, आणि हा नवीन कर नसून आधीपासूनच्या नियमाचा खुलासा आहे हे नीट सांगितलं. मी तेव्हा रोज तेच भोगत होतो हो, पेनला १८ आणि पेन्सिलीला १२ होता, एका कंपासपेटीचं बिल करताना दर शोधत बसायचं. त्या रविवारी आईला पहिल्यांदा कळलं की मी संध्याकाळी दुकानात एवढा वेळ काय करत असतो.

विज्ञानाचा भाग घरात सगळ्यात जास्त ऐकला जातो, आणि त्याचं कारण आई. वय ७४, शिक्षण सातवी. इस्रोने ३० डिसेंबरला स्पेडेक्स, म्हणजे अवकाशात दोन उपग्रह एकमेकांना जोडायची मोहीम, सोडली, त्याच रॉकेटचा उरलेला चौथा टप्पा त्यांनी तसाच कक्षेत ठेवून प्रयोगांसाठी वापरला आणि त्यात बंद डब्यात चवळीचे आठ दाणे होते, त्यांना चार दिवसांत मोड आले. हे ऐकून आईने पहिला प्रश्न विचारला की चार दिवस का लागले, आपल्याकडे तर फडक्यात दोन दिवसांत येतात. दुसरा प्रश्न असा की तिथे खाली-वर काही नाही तर मूळ कुठल्या बाजूला जाणार. मला हा प्रश्न सुचला नसता. मुळांना खालची दिशा गुरुत्वाकर्षणामुळे कळते हे मी तिला सांगितलं, मग तिने त्याच रात्री मूठभर चवळी भिजत घातली आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून टांगली, रोज सकाळी उघडून माझ्या पुतण्याला दाखवायची, बघ सगळी मुळं कशी वळतात. तिसऱ्या दिवशी उसळ केली. पुतण्याने शाळेत जाऊन सांगितलं की आज डब्यात इस्रोची उसळ आहे.

फेब्रुवारीत २०२४ वायआर४ या लघुग्रहाचं पण असंच. २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळायची शक्यता आधी १ टक्का, मग २, मग ३.१, दुकानात येणारा प्रत्येक जण नवीन आकडा सांगायचा. रविवारपर्यंत ती शक्यता धाडकन खाली आली होती. कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की सुरुवातीला त्याच्या मार्गाचा अंदाज फार रुंद असतो, निरीक्षणं वाढली की तो पट्टा अरुंद होत जातो, आणि पृथ्वी अजून त्या पट्ट्यातच असेल तर टक्केवारी वाढताना दिसते, मग एक दिवस पृथ्वी पट्ट्याबाहेर पडते आणि आकडा शून्याकडे जातो. इतकं सोपं आहे. रोज आकडा ऐकणाऱ्याला नुसती भीती मिळते.

मनोरंजनाच्या भागावर मात्र मी नाराज आहे. कुठल्या सिनेमाने किती कोटी केले एवढंच. सप्टेंबरमध्ये तुंबाड परत थिएटरला लागला आणि २०१८ मध्ये कमावले होते त्याहून जास्त पैसे त्याने दुसऱ्या वेळी कमावले, तेव्हा जुने सिनेमे परत का चालतात यावर छान बोलले होते, तसं दर रविवारी व्हायला पाहिजे. मराठी नाटकांचा तर उल्लेखच नसतो, आणि कार्यक्रम मराठी आहे म्हणून ते जास्त लागतं.

हसतखेळत म्हटलं की एक भीती असते, कुठे थांबायचं ते कळेल का. रतन टाटा ९ ऑक्टोबरला गेले, दसऱ्याच्या तीन दिवस आधी. त्या रविवारी सुरुवातीचं संगीतच वाजलं नाही. वीस मिनिटं दोघं साध्या आवाजात बोलले, एकही विनोद नाही, आणि बाकीच्या बातम्या पुढच्या आठवड्यावर ढकलल्या. मला ते फार पटलं.

आता खरा तोटा सांगतो, आणि हा नीट वाचा. जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे या नसांच्या आजाराचे, पेशंट सापडायला लागले, आणि संशय दूषित पाण्यावर होता. मुलगी तिकडेच धायरीला राहते. मला हे कळलं २६ तारखेच्या रविवारी, कार्यक्रमात, तोपर्यंत संशयित रुग्ण शंभराच्या घरात गेले होते. मी तसाच उठून फोन लावला. ती बुधवारपासून पाणी उकळून पीत होती, बाहेरचं खाणं बंद केलं होतं, आणि तुम्हाला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही म्हणाली. चार दिवस माझ्या पोरीच्या पाण्यात काय आहे हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला. तेव्हापासून नियम बदललाय, आरोग्याची आणि पाण्याची बातमी रविवारची वाट बघत नाही. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग हे सांगलीत राहून कुणी आठवड्याने बघू शकत नाही, त्याचा एक ग्रुप मी पहिल्यापासून चालूच ठेवला होता, आता त्यात पुणे महापालिकेच्या सूचना पण जोडल्यात.

बाकी वापराचं थोडं. भाग शनिवारी रात्री येतो, वायफायवर डाउनलोड करून ठेवायचा, म्हणजे रविवारी मध्येच अडकत नाही. वेग वाढवून ऐकू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कळत नाही. इअरफोन तर अजिबात नको, एकट्याने ऐकलं तर यातलं निम्मं वाया जातं. मध्ये थांबवून बोलायची सवय लावा, आमचा एक तासाचा कार्यक्रम दोन तास चालतो.

सुनीता विल्यम्स यांचं राहिलंच. आठ दिवसांसाठी म्हणून ५ जून २०२४ ला अंतराळ स्थानकावर गेल्या, यानाच्या थ्रस्टरमध्ये बिघाड आणि हेलियमची गळती, मग सप्टेंबरमध्ये ते यान रिकामंच परत आणलं आणि दुसऱ्या यानात त्यांच्यासाठी आणि सोबतच्या अंतराळवीरासाठी दोन जागा मोकळ्या ठेवून ते पाठवलं. आई दर रविवारी आधी एकच विचारायची, आल्या का रे त्या बाई. नाही म्हटलं की बरं म्हणून पुढचं ऐकायची.

१९ मार्च २०२५ ला, बुधवारी, पहाटे तीनला आई माझ्या दारात उभी. "ऊठ, आज उतरणार आहेत त्या. टीव्ही लावून दे." मी झोपेतच म्हणालो, आई, रविवारी ऐकू की. ती म्हणाली, "आठ महिने थांबलेय मी. आता रविवारपर्यंत नाही थांबायची."

मग आठ महिन्यांत पहिल्यांदा आमच्या घरात बातमी लाइव्ह लागली. बायको पण उठून आली. पॅराशूट उघडलेली, खाली समुद्र, साडेतीनच्या आसपास यान पाण्यावर टेकलं आणि थोड्या वेळाने त्याच्याभोवती डॉल्फिन फिरायला लागले. आईने हात जोडले. चहा झाला, ती परत जाऊन झोपली, आणि रविवारी कार्यक्रमात तीच बातमी आली तेव्हा तिने आवाज वाढवायला सांगितला.