बॉल पायथनच्या पेटीत काय घालावं: कागद, अ‍ॅस्पेन, कोकोपीट की कोको चिप्स?

कोल्हापुरात सापाच्या बेडिंगचा, म्हणजे पेटीच्या तळाशी पसरायच्या थराचा, प्रश्न दोनदा सोडवावा लागतो, एकदा एप्रिलसाठी आणि एकदा जुलैसाठी. एप्रिलमध्ये खोलीतली हवा इतकी कोरडी होते की बॉल पायथनची (पाळला जाणारा छोटा, बिनविषारी आफ्रिकी अजगर) कात अखंड न निघता तुकड्या-तुकड्यानं सुटते. जुलैत पावसाची झड लागली की कपाटातले कपडेसुद्धा ओल धरतात. जे बेडिंग या दोन्ही महिन्यांत टिकेल, तेच इथं कामाचं.

पुढचं सगळं बॉल पायथनला धरून आहे, जिथं कॉर्न स्नेकचं (पाळला जाणारा बिनविषारी अमेरिकी साप) वेगळं आहे तिथं तसं लिहिलंय. धामण, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी ठेवताच येत नाहीत. बॉल पायथनचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते. ती झालेली आहे असं धरतो.

आधी बाद करायच्या गोष्टी. आपल्याकडे गुऱ्हाळं सुरू झाली की चिपाडं फुकटात मिळतात आणि वाळवून घालायचा मोह होतो. पण चिपाडात थोडी साखर राहतेच. ओल लागली की ती आंबते, मुंग्या लागतात आणि बुरशी धरते. बुरशी आलेल्या चिपाडाच्या धुळीनं साखर कारखान्यांतल्या कामगारांना फुप्फुसाचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस असं नावच आहे. बंद पेटीत त्याच धुळीवर नाक टेकून झोपणाऱ्या जनावराला ते नकोच. भाताचं तूस टोकदार आणि धुळीचं. सुताराकडच्या भुशात प्लायवूडचा गोंद, देवदार, पाइन काय काय मिसळलेलं असेल हे सुतारालाही सांगता येणार नाही, आणि देवदाराचं सुगंधी तेल सापाच्या श्वसनाला घातक आहे. नदीची वाळू ओल नीट धरत नाही आणि भक्ष्याबरोबर पोटात जाते.

कागदाला मी कमी लेखणार नाही. नवा आणलेला साप पहिले साठ-नव्वद दिवस कागदावरच ठेवावा. शी कशी झाली, युरेट (सापाच्या लघवीचा घट्ट भाग) पांढरं आहे की हिरवट, अंगावर माइट (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का, हे सगळं कागदावर लगेच दिसतं. कालचा ‘पुढारी’ चालतो, पण माइट शोधायचे तर कोरा न्यूजप्रिंट किंवा किचन रोल बरा, कारण छापील अक्षरांत काळा ठिपका हरवतो. ऑपरेशन झालेला किंवा जखमी साप असेल तर दुसरा पर्याय बघूच नका. अडचण एवढीच की कागद ओलावा धरत नाही. एप्रिलमध्ये कागदावरच्या बॉल पायथनला ओल्या स्फॅग्नम मॉसची (पाणी धरणारं शेवाळ) झाकणाची, आत शिरायला भोक असलेली डबी लपायला द्यावीच लागते.

अ‍ॅस्पेन, म्हणजे त्या नावाच्या परदेशी झाडाच्या लाकडाचा कीस, कॉर्न स्नेकसाठी उत्तम. त्यात बोगदा केला की तो ढासळत नाही आणि कॉर्नला तेच हवं असतं. पण माल बाहेरून येतो, महाग पडतो आणि हॅमस्टरसाठी म्हणून विकलेली ‘वूड शेव्हिंग्ज’ अ‍ॅस्पेनच असतात असं नाही. हुंगून बघा. फिनेलसारखा किंवा राळेचा वास आला तर घेऊ नका. बॉल पायथनला लागणारा ६० ते ७० टक्के ओलावा अ‍ॅस्पेनमध्ये ठेवायला गेलात तर चार दिवसांत पांढरी बुरशी दिसेल.

उरतात नारळाचे दोन भाऊ, कोकोपीट आणि कोको चिप्स. खरी निवड इथंच आहे.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा बारीक भुसा, कुठल्याही नर्सरीत मिळतं. साधारण ६५० ग्रॅमची वीट साडेतीन-चार लिटर पाण्यात भिजवली की आठ-नऊ लिटर माल होतो. घेताना ‘लो ईसी’ किंवा ‘वॉश्ड’ लिहिलेलं बघा, नाहीतर त्यात मीठ असतं. मग फडक्यात घालून दोनदा धुऊन पिळावं लागतं. निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा किंवा खत मिसळलेलं ‘रेडी मिक्स’ चालणार नाही. स्वस्त, मऊ, वास शोषून घेणारं, दिसायलाही छान. कागदोपत्री कोकोपीटमध्ये खोट काढायला जागा नाही.

माझं मन फिरलं ते त्याच्या बारीकपणामुळे. एप्रिलमध्ये वरचा थर सुकून त्याची पूड होते. साप रात्री फिरतो, पाण्याच्या भांड्यात उतरतो, बाहेर येतो, पुन्हा उतरतो. सकाळी भांड्याच्या तळाशी तपकिरी गाळ बसलेला असतो आणि वरचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. रोज घासा, रोज तेच. त्याहून वाईट म्हणजे ओठांवरच्या खाचा. बॉल पायथनच्या वरच्या ओठाच्या कडेला उष्णता ओळखणाऱ्या बारीक खाचा असतात आणि ओलसर कोकोपीट नेमकं त्यात जाऊन बसतं. जवळून पाहिलं तर एकेका खाचेत तपकिरी बूच मारल्यासारखं दिसतं. ओल्या इअरबडनं ते काढायला जावं तर हे जनावर डोक्याला हात लावू देत नाही, लगेच डोकं आत घेऊन चेंडू होऊन बसतं. म्हणून वरून पाणी मारून पूड दाबावी, तर पृष्ठभाग ओला राहतो आणि पोटाखालचे खवले लालसर-तपकिरी होऊ लागतात, म्हणजे स्केल रॉटची (खवले सडण्याचा आजार) सुरुवात. जुलैत उलटंच. खालचा थर सुकतच नाही, मातीसारखा आंबूस वास येतो आणि चिलटं होतात.

कोको चिप्स म्हणजे सोडणाचे एक-दीड सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे, ऑर्किडवाले वापरतात तेच. किंमत कोकोपीटच्या दुप्पट-तिप्पट. सुक्या नारळाची सोडणं आणून घरी तोडता येतात, पण तो कोयत्याचा दिवसभराचा उद्योग आहे. शहाळ्याची तर आणूच नका, ती कुजतात.

चिप्स गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, चाळणीत उपसा आणि पाणी फिकं होईपर्यंत धुवा. याच धुण्यात सगळी पूड निघून जाते, ते टाळलं तर कोकोपीटचाच त्रास परत येईल. मग उन्हात पसरून तुकडा वरून कोरडा आणि आतून जरासा दमट राहील इतपत वाळवा. चार बाय दोन फुटांच्या पेटीत सहा सेंटीमीटर थरासाठी साधारण ४५ लिटर माल लागतो.

एप्रिलमध्ये फवारा मारू नका. प्रत्येक कोपऱ्यात तांब्यानं २०० ते ३०० मिली पाणी सोडा. ते तळाशी जातं, वरचे तुकडे कोरडे राहतात आणि ओलावा खालून हळूहळू वर येतो. डिजिटल हायग्रोमीटर (ओलावा मोजायचं यंत्र) ६० टक्क्यांच्या खाली गेला की पुन्हा घाला. माझ्या पेटीत हे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा लागतं. पावसाळ्यात पाणी पूर्ण बंद, थर चार सेंटीमीटरवर आणा आणि हवेची भोकं मोकळी ठेवा. तुकड्यांमध्ये फट असल्यामुळे हवा खेळते, म्हणून जुलै निभतो.

चिप्सचे तोटेही सांगायला हवेत. युरेट तुकड्यांखाली घरंगळतं आणि दोन दिवस दिसत नाही, म्हणून वास आला की मूठभर भोवतालचा मालही काढा. अगदी लहान पिल्लाला तुकडे अवजड जातात, त्याला किचन रोलच बरा. आणि पेटीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) असेल तर जाड थर कुठल्याच बेडिंगचा घालू नका. थर उष्णता अडवतो, साप उकरत काचेपर्यंत जातो आणि तिथं पोट भाजतं. उष्णता वरून द्या, सिरॅमिक बल्ब जाळीआड आणि थर्मोस्टॅटवर.

कॉर्न स्नेक असेल आणि घर हवेशीर असेल, तर अ‍ॅस्पेनला माझी हरकत नाही. बॉल पायथनसाठी मात्र पैसे थोडे जास्त गेले तरी मी चिप्सच घेईन. सगळा माल तीन-चार महिन्यांनी बदला. काढलेले तुकडे नेच्याच्या कुंडीत चालतात, पण कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात टाकू नका, सापाच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो.