अपडेटनंतर वाय-फाय गेलं, मागोमाग ५,९९९ रुपये

रात्री विंडोजचा अपडेट झाला आणि सकाळी बाबांच्या लॅपटॉपवरचं वाय-फाय गायब. मोबाइलवर तेच वाय-फाय मजेत चालू. बाबांनी मोबाइलवर लॅपटॉप कंपनीचा हेल्पलाइन नंबर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तो लावला. ती जाहिरात होती, कंपनीशी संबंध शून्य.

पलीकडचा माणूस मोठा अदबशीर, दर वाक्याला ‘सर’. त्याने मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायला लावला, टेदरिंग (म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करवलं आणि नेट लगेच चालू! खरं तर बिघाड तिथेच सापडला होता: विंडोज ठीक, राउटर ठीक, घोळ फक्त वाय-फायच्या ड्रायव्हरचा, म्हणजे लॅपटॉपमधला वाय-फायचा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. पण त्याला दुरुस्ती करायचीच नव्हती. एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं अ‍ॅप, टाकायला लावून त्याने स्क्रीनवरचा आकडा विचारून घेतला, आणि मग माऊस त्याचाच.

आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची यादी दाखवली. अशी यादी धडधाकट कॉम्प्युटरवरही असते. त्यातल्या १००१६ क्रमांकाच्या नोंदीकडे तर खुशाल दुर्लक्ष करा, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. मग कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत ‘ट्री’ ही कमांड. तिने होतं एवढंच की फोल्डरांची नावं भराभरा वर सरकतात. ती सरकत असताना या पठ्ठ्याने ‘नेटवर्क हॅक्ड’ असं स्वतःच टाइप केलं. यादी संपल्यावर तेच शब्द तळाशी उमटले, जणू कॉम्प्युटरनेच निदान केलंय. बाबा घाबरले. तीन वर्षांच्या ‘नेटवर्क सुरक्षा प्लॅन’चे ५,९९९ रुपये यूपीआयने गेले.

तेवढ्यावर भागलं नाही. ‘जास्तीचे पैसे परत करतो, नेट बँकिंग उघडा’ असं सुरू झालं. इथे आईला शंका आली आणि तिने मला फोन केला. मी म्हटलं, आधी ती केबल उपट!

नंतर एनीडेस्क काढलं, पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलले, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेलाही कळवलं. बँकेचं म्हणणं, व्यवहार तुमच्याच पिनने झालाय. यावर काय बोलणार!

वाय-फायचं म्हणाल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात वाय-फायच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक ड्रायव्हर, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत. लॅपटॉप रीस्टार्ट केला, झालं. रोल बॅकचं बटण फिकं दिसलं तर टेदरिंगवरच लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घ्या. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी, कारण त्याने साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड पुसले जातात.

पैसे अजून आलेले नाहीत. ‘सर, प्लॅन अपग्रेड करायचाय का?’ असे फोन मात्र वेगवेगळ्या नंबरांवरून येत असतात. आता ते आई घेते.