अ‍ॅल्युमिनियमचे स्टॉर्म पॅनल: माल पाच स्टार, लावणारे अडीच

फ्लोरिडात टॅम्पाला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक "इकडे कुठे येतंय वादळ" म्हणण्यातच गेली. २०२२ ला इयन आमच्याकडेच येणार येणार म्हणत शेवटी खाली केयो कोस्टाला धडकलं, तेव्हा नवरा खिडक्यांवर ठोकायच्या प्लायवुडच्या लायनीत तीन तास उभा राहून हात हलवत परत आला होता. तेव्हाच खिडक्यांवर लावायचे हे पॅनल घ्यायचं ठरलं, पण प्रत्यक्षात घ्यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला, आळस, दुसरं काय.

आधी माल. पॅनल म्हणजे आपल्याकडचा पन्हळी पत्राच समजा, फक्त हलका. वरचं टोक खिडकीवरच्या पट्टीत सरकवायचं, खालच्या भोकांतून बोल्ट बाहेर येतात त्यावर विंगनट पिळायचे, झालं. अकरा खिडक्या आणि मागचा सरकता काचेचा दरवाजा, फिटिंग धरून ३,८०० डॉलर. इम्पॅक्ट काचांचं (वादळाचा मारा सोसणाऱ्या) कोटेशन पण मागवलं होतं, बघून पुन्हा विषय काढला नाही.

पहिल्यांदा लावायला आम्हा दोघांना पाच तास लागले, कारण प्रत्येक पॅनलवर मार्करने नंबर टाकून दिले होते ते गॅरेजच्या उकाड्यात निम्मे पुसलेले, मग "हा किचनचा का बेडरूमचा" यावरून जे काही झालं ते इथे लिहीत नाही. आता ऑइलपेंटने नंबर टाकलेत. कडा भयंकर धारदार आहेत, जाड हातमोजे घालाच. आणि सगळे पॅनल लावले की घरात भर दुपारी अमावस्या. एक तरी दार आतून उघडता येईल असं ठेवा आणि जमलं तर एका खिडकीला पारदर्शक पॅनल मागून घ्या, आम्हाला हे कोणी सांगितलं नाही.

त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला मिल्टन वादळ आमच्या खालच्या बाजूला सिएस्टा कीला आलं. रात्रभर पत्रे असे थडथडत होते की झोप कसली, पण काच एकही गेली नाही. शेजारच्यांनी काचांवर टेपच्या फुल्या मारल्या होत्या, त्याने काही होत नाही हो, फुटायची ती काच फुटतेच.

आता लावणारे लोक. नाव लिहीत नाही. बाथरूमची वरची छोटी खिडकी त्यांनी सोडून दिली, म्हणे "एवढीशी तर आहे". इन्शुरन्सच्या डिस्काउंटसाठी विंड मिटिगेशन इन्स्पेक्शन, म्हणजे घर वाऱ्याला किती टिकेल याची तपासणी, करावं लागतं, इन्स्पेक्टर माळ्यावर चढून छताला कुठले खिळे आहेत, छत भिंतीला क्लिपने धरलंय का पट्ट्याने हे सगळं बघतो, फोटो काढतो. पॅनलवरचा अप्रूव्हलचा शिक्काही बघितला. शेवटी ती बाथरूमची खिडकी दिसली आणि डिस्काउंटमधलं खिडक्यांचं क्रेडिट गेलं, कारण काचेची एक जरी खिडकी पॅनलशिवाय राहिली तरी ते मिळत नाही. दीड फुटाच्या खिडकीपायी! सहा आठवडे फोन केले तेव्हा येऊन लावून गेले, मग इन्स्पेक्टरला परत बोलवा, परत पैसे. इन्स्पेक्शनचा फॉर्म इन्शुरन्सकडे लागला तसा प्रीमियम वर्षाला सहाशेच्या आसपास खाली आला. फॉर्म पाच वर्षं चालतो.

सासूबाई चिपळूणच्या, २०२१ च्या जुलैत त्यांनी घरात पाणी शिरलेलं बघितलंय. पॅनल बघून म्हणाल्या, "पत्रे ठोकलेस ते बरं केलंस, पण पाणी काय खिडकीतून येतं होय गं, उंबऱ्यावरून येतं." मी म्हटलं आई, इन्शुरन्स आहे. मग मिल्टनच्या आधीचं हेलिन वादळ गेल्यावर पॉलिसी उघडून वाचली, तर होमओनर्समध्ये, म्हणजे घराच्या साध्या विम्यात, पुराचं पाणी बसतच नाही! त्याची वेगळी फ्लड पॉलिसी घ्यावी लागते, सरकारी घेतली तर घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख, आणि विकत घेतल्यापासून साधारण ३० दिवसांनी लागू. हेलिन आणि मिल्टनमध्ये अंतर किती, तर १३ दिवस. एजंट बाई फोनवर म्हणाली "आता घेतलीत तर पुढच्या वादळाला उपयोगी पडेल", म्हणजे मिल्टनला नाही. त्या रात्री पाणी ड्राइव्हवेच्या वरच्या टोकापर्यंत येऊन थांबलं, मी टॉर्च घेऊन दर अर्ध्या तासाला दार उघडून बघत होते.

आणि ते हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे वादळाच्या नुकसानीत आपण आधी भरायचा वाटा! २ टक्के लिहिलंय, मला वाटायचं नुकसानीच्या २ टक्के. नाही, घराच्या विमा रकमेच्या. आमची ४,२०,००० ची, म्हणजे पहिले ८,४०० खिशातून. मिल्टनने कुंपण पाडलं आणि छताचे थोडे शिंगल उडवले, तीन हजारात आटोपलं, क्लेम करण्यात अर्थच नव्हता.

तर पॅनल घ्या, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण जूनपासून, वादळांचा मोसम लागला की, कोणी फोन उचलत नाही. आणि शेवटचा चेक देण्याआधी घराला एक प्रदक्षिणा मारून प्रत्येक खिडकी मोजा. या कंपनीचा "रिव्ह्यू टाका" म्हणून मला तीनदा मेसेज आलाय, बाथरूमच्या खिडकीसाठी एकदाही आला नव्हता.