‘नाना’ची फाईल आणि तीस टक्क्यांचे साहेब

ऑक्टोबर 2018 ला मी पायदळातून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. सुटताना रिलीज मेडिकल बोर्डाने माझं बीपी लिहिलं, 30 टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी. पुढच्या रकान्यात मात्र ‘नाना’. ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत, पण मराठीतही चपखल बसतात: आजार ना नोकरीमुळे झाला, ना नोकरीने वाढला. कारण काय, तर बीपी पहिल्यांदा सापडलं तेव्हा मी पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी, होतो. त्याआधी कुठे होतो, हे कुणी विचारलं नाही. हा नाना फाईलीत शिरला की डिसॅबिलिटी पेन्शन अडली.

फेब्रुवारी 2019 मध्ये रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कचेरीचं, नामंजुरीचं पत्र आलं. दोन पानं इंग्रजी, आणि अगदी खाली एक ओळ, की पहिलं अपील सहा महिन्यांत करावं. ती ओळ मी वाचलीच नाही. पत्र खिशात घालून मिलिटरी कँटीनला गेलो, आणि तिथल्या रांगेत ‘साहेब’ भेटले.

नाव लिहीत नाही. पांढरी बोलेरो, काचेवर आर्मीचं स्टिकर, बोलण्यात अर्धी हिंदी. म्हणाले, मी रेकॉर्डला बारा वर्षं काढली आहेत, असल्या केसेस माझ्या हातचा मळ. एसटी स्टँडच्या मागे त्यांची खोली होती. भिंतीवर कुठल्याशा जनरलसोबतचा फोटो. त्या फोटोनेच निम्मं काम केलं असं आता वाटतं. आपल्या माणसाला गणवेश दिसला की हिशेब विचारायची लाज वाटते.

साहेबांचा सौदा सरळ होता. आत्ता 15 हजार, आणि पेन्शन मंजूर झाली की एरिअर्सचे, म्हणजे मागच्या थकबाकीचे, तीस टक्के. मी कोऱ्या वकालतनाम्यावर सही केली, दोन कोरे चेक दिले, आणि डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), मेडिकल बोर्डाची प्रत, सगळं मूळ त्यांच्या हातात ठेवलं. एक झेरॉक्ससुद्धा काढून ठेवली नाही. बायको म्हणालीही, “अहो, पावती तरी घ्या.” मी तिलाच गप्प केलं.

ऑगस्टमध्ये सहा महिने भरले. साहेब म्हणाले, अपील फेटाळलं, आता मुंबईला एएफटीत जाऊ. ही सशस्त्र दलांची कोर्टासारखी ट्रायब्युनल, 2007 च्या कायद्याने आलेली, 2009 पासून चालू, तिचं मुंबईला खंडपीठ आहे. म्हणजे ते सांगत होते त्यातली वाट खरी होती. म्हणूनच मी फसलो. फायलिंगचे 8 हजार गेले, मग तारखेला वकील उभा करायचे पाच-पाच हजार, तीनदा. जानेवारी 2020 ला त्यांनी एका चिठ्ठीवर ओए नंबर, म्हणजे केसचा नंबर, लिहून दिला. ती चिठ्ठी मी देव्हाऱ्यात ठेवली होती. पुढे लॉकडाऊन आला, आणि ‘बेंच बसत नाही’ या एका वाक्यावर साहेबांनी तीन वर्षं काढली.

2023 च्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती. तिने मोबाईलवर एएफटीच्या साइटवर तो नंबर टाकला आणि विचारलं, “मामा, तुम्ही नेव्हीत कधी होता?” नंबर खरा होता, केस दुसऱ्याच कुणाची.

मग 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज केला. महिन्याच्या आत उत्तर आलं: आपल्याकडून पहिलं अपील प्राप्त झालेलं नाही. मेडिकल बोर्डाची प्रतही त्याच अर्जावर मिळाली. ज्यासाठी मी 38 हजार मोजले, त्याचा पहिला कागद दहा रुपयांत हातात आला.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो तेव्हा टेबलावरच्या ताईंनी कपाळावर हात मारला. “काका, हे अपील आम्ही इथे फुकट लिहून देतो.” अपंगत्व असलेल्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही त्यांनीच सांगितलं. तसा मला मिळालेला वकील साहेबांच्या तीस टक्क्यांचं ऐकून हसला. निकालावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसतच नाही. म्हणजे ‘आधी जिंकू, मग वाटा’ म्हणणारा एक तर वकील नाही, नाहीतर नियम मोडणारा वकील आहे.

त्याने केस समजावली तेव्हा कळलं की माझी बाजू मुळात बळकट होती. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, आणि आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायचा भार खात्यावर. 2014 च्या राम अवतार निकालाने 30 टक्क्यांचे 50 धरले जातात. (2023 मध्ये नियम बदललेत, त्यानंतर सुटलेल्यांनी आपले वेगळे तपासावेत.) माझा शेवटचा पगार एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) धरून 43 हजारांच्या आसपास. 50 टक्क्यांना त्याचे 15 टक्के, म्हणजे महिना साडेसहा हजारांच्या आत-बाहेर, वर महागाई वेगळी.

आता खरं नुकसान सांगतो. अपील उशिराच्या कारणासकट पाठवलं, ते मुदत गेली म्हणून परत आलं, आणि फेब्रुवारी 2024 ला एएफटीत खरी केस दाखल झाली. उशीर माफ होऊ शकतो, पण एरिअर्स साधारणपणे केस दाखल केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांचे मिळत आले आहेत. सुटल्यापासून जानेवारी 2021 पर्यंतचे 27 महिने गेले. जिंकलो तरी पावणेदोन लाख बुडाले, महागाई न धरता. 38 हजारांची चोरी त्यापुढे किरकोळ.

कोरे चेक बँकेत जाऊन थांबवले, पोलिसात तक्रार दिली. ठाण्यातून फोन गेल्यावर चार दिवसांत कागद परत आले. डिस्चार्ज बुकवर चहाच्या कपाचा गोल डाग होता. पैशांचं अजून काही नाही.

केसची तारीख आता मीच मोबाईलवर बघतो. अंतिम सुनावणी व्हायची आहे. गेल्या महिन्यात कँटीनच्या रांगेत साहेब पुन्हा दिसले, एका नव्या पेन्शनरचं पत्र चष्मा वर करून वाचत होते. मी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “रांग मोठी आहे, चल, आधी चहा घेऊ. पत्र घेऊन ये.”